न पाहिलेला सहावा भाग

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही. ज्यांच्या पुरवणीत नऊ वर्षं लिहिते त्या संपादकांजवळ नाही. सासूबाईंजवळ तर नाहीच. तुला सांगते आहे ते मन हलकं करायला, असं मात्र समजू नकोस. माझं मन काही जड वगैरे झालेलं नाही. मी वेळेवर जेवते, गाढ झोपते. फक्त एक खोटं आहे, मी बोललेलं, आणि ते आता माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी माहीत असावं असं वाटतं. बस.

मी खारघरला राहते, कॉलेजात शिकवते आणि रविवारच्या पुरवणीत मालिकांवर लिहिते. सदराचं नाव ‘चार भागांनंतर’. नावातच वचन आहे — पहिल्या भागावरून मालिकेचा निकाल लावायचा नाही, चार भाग पाहायचे आणि मगच तोंड उघडायचं. लोकांना हे फार आवडलं. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये हमखास कुणीतरी विचारतं, “मॅडम, त्या नवीनचे चार भाग झाले का? बघू का सोडू?” एका निवृत्त गृहस्थांचं तर पत्र आलं होतं, की हाच नियम त्यांनी होणाऱ्या जावयाला लावला. चार रविवार जेवायला बोलावलं, मग होकार कळवला.

आता खरं सांगू? तो नियम मला कधीच पटला नव्हता. नाव संपादकांनी सुचवलं, मी मान डोलावली. मला पहिल्या दहा-बारा मिनिटांत कळतं. तुलाही कळतं — उगाच कशाला नाकारायचं? शितावरून भाताची परीक्षा ही म्हण काय मी काढली? आणि ते दुसरे लोक — “पहिले चार भाग जरा संथ आहेत हां, पण पाचव्यापासून जी पकड घेते ना!” मग पाचव्यापासूनच सुरू करा ना बाबांनो. माझ्या आयुष्यातले चार तास तुम्हाला तयारीला कशाला देऊ? प्रेक्षक कुणाचा मिंधा नसतो. हे मी तेव्हा मानत होते, आजही मानते. यासाठी मला कुणी बोल लावणार असेल तर खुशाल लावावा.

मग माझी चूक कुठली? बारा मिनिटांत मालिका बंद केली, ही? नाही. ती चूक नव्हेच.

मालिकेचं नाव होतं ‘बांधाखाली’. आठ भागांची, एका लहानशा मराठी अ‍ॅपवर आलेली. लिहिणारा संदेश नावाचा तरुण, राहणार दिघा. वडील जवळच्याच एका कारखान्यात कामगार, आणि हा स्वतः कुरिअरच्या ऑफिसात कारकुनी करून लिहायचा. मालिका इथलीच, आपल्या नव्या मुंबईची. हे शहर वसायच्या आधी इथे जी शेतं होती, मिठागरं होती, ती ताब्यात घ्यायला सरकारी मोजणी झाली त्या वर्षाची. गुरुवारची दुपार. मला शुक्रवारी बारापर्यंत लेख द्यायचा होता. जेवण झालं, पंख्याखाली बसले, लावली. एक बाई तांदूळ निवडते आहे. निवडते आहे. बाहेर कुणीतरी हाक मारतं, ती उठत नाही. पुन्हा निवडते. बारा मिनिटं झाली — मी बंद केली.

घरात कुणी आजारी नव्हतं. डोकं दुखत नव्हतं. कॉलेजात परीक्षा नव्हत्या. सांगण्यासारखं एकही कारण माझ्याकडे नाही, आणि असतं तरी दिलं नसतं. मला कंटाळा आला. एवढंच.

आणि मग मी लिहिलं — “आठही भाग नेटाने पाहिले. पुढे काहीतरी घडेल म्हणून शेवटपर्यंत वाट पाहिली. घडलं नाही.”

वाच पुन्हा. आठही. नेटाने. शेवटपर्यंत. चार भागांचा नियम मोडला तो मोडलाच, वर आठ भागांचं श्रेयही घेतलं. कथेचा सारांश अ‍ॅपवरच होता, कलाकारांची नावं होती, तेवढ्यावर सहाशे शब्द झाले. चांगले झाले. लोकांनी एकमेकांना पाठवले.

माझ्या लेखामुळे मालिका पडली असं मी म्हणणार नाही. एवढी मी मोठी नाही. ती तशीही फार कुणी पाहत नव्हतं. इथेच थांबलं असतं तर तुला सांगायला मी आलेच नसते. असली खोटी वाक्यं दर रविवारी कितीजण लिहीत असतील, कुणी मोजलीत?

दोनेक महिन्यांनी वाशीच्या एका सभागृहात माझं भाषण होतं. विषय ऐक — ‘मालिकेला किती वेळ द्यावा?’ मी बोलले, टाळ्या झाल्या, शाल मिळाली. बाहेर चहा घेत उभी होते तर एक मुलगा जवळ आला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक. “मी संदेश. ‘बांधाखाली’ मी लिहिली.”

मला वाटलं, आता हा भांडणार. मी तयार होते. भांडला असता तर मी जिंकलेही असते. पण तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही लिहिलंत त्याचं मी टेन्शन नाही घेतलं. खरंच. बाकीच्यांनी तर ट्रेलर बघून लिहिलंय. तुम्ही आठही भाग बघितलेत, आमच्यासाठी तेच खूप आहे.”

मी चहाचा घोट घेतला.

मग त्याने खरी गोष्ट काढली. मालिका टीव्हीवर दाखवायला एक चॅनेल तयार झालं होतं, पण त्यांना ती छोटी करून हवी होती. निर्माता म्हणत होता, सहाव्या भागातला आजीचा प्रसंग काढू. नऊ मिनिटांचा. इथल्याच शिरवणे गावच्या द्वारकाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई त्यात होत्या. नटी नव्हेत, गावातल्याच. त्या ओट्यावर बसतात आणि आपली जमीन मोजली गेली तो दिवस सांगतात. लिहिलेले संवाद नाहीत, त्यांचं स्वतःचंच आयुष्य. एकदाच बोलल्या, कॅमेरा चालू ठेवला, झालं.

“मी अडून बसलोय मॅडम,” संदेश म्हणाला. “पण निर्माता बोलतो, तू त्या सीनच्या प्रेमात पडलायस, तुला नाय कळणार. म्हणून बाहेरच्या माणसाला विचारतोय. तो सीनपण नाय चालला का? तुम्ही सांगाल ते मी मानेन.”

बघ, किती सोपं होतं. ‘आता नीट आठवत नाही, पुन्हा पाहून सांगते’ — हे म्हणता आलं असतं. तेही खोटंच, पण निरुपद्रवी खोटं. घरी जाऊन नऊ मिनिटं पाहता आली असती. अ‍ॅप तेव्हा चालू होतं, फोन पर्समध्ये होता. पण मी नुकतीच पाऊण तास बोलून उतरले होते, खांद्यावर शाल होती, आजूबाजूला चारजण ऐकत उभे होते. आणि तो मुलगा असा बघत होता जणू मला सगळं माहीत आहे. मला ते आवडलं. हो, आवडलं.

मी म्हटलं, “लांबलाय तो. आजी बोलतच राहतात. कापलास तरी काही बिघडणार नाही.”

त्याने मान हलवली. फोन काढून काहीतरी टिपून घेतलं — माझ्यासमोर! “थँक्यू मॅडम,” म्हणाला, आणि गेला.

दीड-दोन वर्षं मी हे विसरले. खरंच विसरले, त्याबद्दलही लाज बाळगायची तर बाळगते. मग एका दुपारी सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्या साताऱ्याकडच्या. काहीही लागलं तरी शेवटपर्यंत बघतात, जाहिरातीसुद्धा. पडद्यावर ती तांदूळ निवडणारी बाई. मी रिमोटला हात घातला.

“राहू दे की,” त्या म्हणाल्या. “सारखं काय ते बदलायचं. बघ जरा, चांगली हाय. बस.”

बसले. त्या दिवशी दोन भाग लागोपाठ दाखवले, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या भागात कळलं, ती बाई हाकेला उठत का नाही ते. बाहेर मोजणीवाला उभा आहे, आणि ती जोवर उठत नाही तोवर मोजणी सुरू होणार नाही असं तिने मनाशी धरलंय. मी पुढे सरकून बसले. हे मी कबूल करते, पण म्हणून पहिली बारा मिनिटं चांगली होती असं नाही. ती वाईटच आहेत. आजही म्हणेन. संदेशने तीच कापायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई आल्या. ठेंगणी, काळीसावळी बाई, हातात काठी. ओट्यापर्यंत आल्या, काठी भिंतीला टेकवली, बसल्या, पदर सारखा केला. समोर पाहिलं. तोंड उघडलं —

आणि पुढचा प्रसंग. पोलीस ठाणं.

“आगं, काय सांगत हुती म्हातारी?” सासूबाई म्हणाल्या. “मधीच काय तोडलं?”

मी उठून आत गेले. अ‍ॅप शोधलं. ते बंद पडलं होतं. नंबर मिळवून संदेशला फोन केला. तो आता एका रोजच्या कौटुंबिक मालिकेचे भाग लिहितो. खूश होता, निदान आवाज तसा होता. मूळ भाग निर्मात्याकडे होते, त्याची कंपनी गुंडाळली, डिस्क कुठे गेली कुणास ठाऊक. “पण तुमचं बरोबर होतं मॅडम,” तो म्हणाला. “तेव्हापासून मी एकपण सीन तीन मिनिटांच्या वर जाऊ देत नाय.”

त्याला तेव्हा सांगायला हवं होतं, हे तू मला शिकवू नकोस. मला माहीत आहे. मी त्याच्याकडून द्वारकाबाईंचा पत्ता घेतला आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी शिरवण्याला गेले. कशाला? सांगून टाकायला, असं रिक्षात बसताना मी स्वतःला बजावलं होतं. गावातल्या गल्लीत, उंच इमारतीच्या कुशीत त्यांचं एकमजली घर. ओटा तोच. द्वारकाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, पेपरात लिहिते म्हटलं.

“ये गो, बस. चाय पितंस?”

सुनेने चहा आणला. मी म्हटलं, मालिकेत तुम्ही सांगितलं होतं ते मला पुन्हा सांगाल का? त्या हसल्या, मग हसणं थांबलं.

“नाय गो. त्या दिवशी आला तोंडात, बोलले. आता नाय येत.” एक पाकळी सोलली. “टीव्हीवर लागला तवा सगली गल्ली माज्या घरान बसलेली. मी आले, बसले, तोंड उघारला — नि गेले. पोरा हसाला लागली. मना वाटला, माजाच कायतरी चुकला आसल.”

मी कप खाली ठेवला.

“पयला मोबायलवर आलेला, तवा मना कोनी दाखवला नाय. तू बगलंस? कसा झालता?”

त्या क्षणी मी तोंड उघडलं आणि — ऐक, याच्यासाठीच मी तुला इथपर्यंत आणलंय — मी म्हटलं, “पाहिला. फार छान झाला होता. मी रडले.”

न पाहिलेल्या नऊ मिनिटांवर मी दोनदा मत दिलं. एकदा वाईट, एकदा चांगलं. दोन्ही वेळा माझ्यावर विश्वास ठेवला गेला.

त्यांचा चेहरा उजळला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांनी लसणाची सुपली बाजूला ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं.

“बरा झालता? मंग कापला कोनी?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

चहा संपवला, नमस्कार केला, निघाले.

सदर अजून चालू आहे. एखादी मालिका आवडली नाही तर अजूनही बारा मिनिटांत बंद करते, आणि लेखात तसं लिहिते — ‘बारा मिनिटं पाहिली.’ संपादक कुरकुरतात, वाचक चिडतात, चिडू देत. याला पश्चात्ताप म्हणू नकोस, मी म्हणत नाही. द्वारकाबाईंना सांगायचं सोडून तुला सांगते आहे, हा भित्रेपणाच आहे. असू दे, तोही माझाच. त्या गल्लीत आजही कुणाला माहीत नाही, कापला कोणी. पुन्हा त्या बाजूला मी गेलेले नाही.