कारण : उंदीर

दिवसातून शंभर वेळा माफी मागायची, हे माझं काम. किताले गावाच्या खालच्या उतारावरच्या साडेतीनशे घरांचं इंटरनेट आमच्या कंपनीच्या वायरीवर चालतं, आणि ते बंद पडलं की त्या साडेतीनशे घरांना हाताशी एकच बाई सापडते. ती मी, जेरोनो. वायर तुटते खांबावर आणि शिव्या पडतात माझ्या कानात. सात वर्षं झाली. आता माफी आपोआप तोंडातून गळते. परवा नवऱ्याने मीठ मागितलं, तर मी म्हणाले, "गैरसोयीबद्दल क्षमस्व." तो बिचारा घाबरलाच.

पण माझं रडगाणं राहू दे. सांगायचंय ते ओम्बोंगीकाकांबद्दल. आमच्याकडे वायर जोडणारा माणूस हा एवढाच. वय पंचावन्नच्या पुढे, उजवा गुडघा कामातून गेलेला, खिशात कायम उकडलेल्या मक्याचं कणीस. तरुणपणी टेलिफोनच्या तांब्याच्या तारा ओढायचे. चोरांनी तांबं नेलं, तशी नोकरीही गेली. मग ही काचेची वायर आली आणि काका पुन्हा खांबावर चढले. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी हा माणूस उत्तर देत नाही. टोपी काढतो, ऐकून घेतो, टोपी घालतो आणि शिडी लावतो. मला कधीकधी त्यांचाच राग येतो. अहो, एकदा तरी उलटून बोला!

त्यांची एक वही आहे. बिघाड कुठे, किती वाजता, कारण काय. कारण एका शब्दात: झाड, लॉरी, वारा, उंदीर. त्या वहीत खोटं नसतं. एकदा मालकाच्या सख्ख्या भावाच्या ट्रॅक्टरने खांब पाडला, तर यांनी सरळ लिहिलं, "मालकाचा भाऊ". वर्षभर पगार वाढला नाही, पण ओळ खोडली नाही. मालकालाही हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून काकांनी कारण सांगितलं की तो दुसऱ्यांदा विचारत नाही.

त्या शुक्रवारी दुपारी बाराला उताराचा खालचा भाग बंद पडला. साठ घरं. साडेबारापर्यंत माझा फोन भाजून निघाला. चुम्बा मास्तर तर दर दहा मिनिटांनी.

"बाई, तुम्ही इंटरनेट विकता की भजन? नुसतं 'धीर धरा, धीर धरा'!"

"मास्तर, आमचा माणूस वाटेवर आहे."

"वाटेवर म्हणजे कुठल्या? मोम्बासाच्या?"

काका खरंच दुसरीकडे होते, वरच्या अंगाला लॉरीने ओढलेली वायर जोडत. एकच माणूस, एकच यंत्र. हे गिऱ्हाइकाला सांगायची मला परवानगी नाही. वेळ सांगायचीही नाही, कारण दिलेली वेळ चुकली तर मालक माझ्यावर डाफरतो.

अडीचला एक फोन आला. आवाज हळू, दमलेला.

"बाळ, मी सितातीची आई बोलते. तुला त्रास द्यायचा नव्हता. आज पाच वाजता माझ्या सितातीला पुरणार आहेत. तिकडे, टोरांटोला. मला ते टीव्हीवर दाखवणार होते. तोवर येईल ना गं?"

आमच्या गावात तिला दुसरं नाव नाही. पहिला मुलगा झाला त्या दिवसापासून ती सितातीची आई. कंपनीच्या यादीत रोझालिया नान्यामा असं लिहिलंय, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघणार नाही. सिताती तिकडे अकरा वर्षं होता. मयत इकडे आणणं जमलं नाही. मोबाईलवर बघा म्हणावं, तर त्या खळग्यात मोबाईलचं चित्र दोन मिनिटांत गोठतं. मुलाला खाली सोडताना चित्र अडकलं, तर ती बाई काय करेल?

"येईल, सितातीच्या आई," मी म्हणाले. "पाचच्या आत येईल." म्हणून बसले! सात वर्षांत पहिल्यांदा वेळ दिली.

काकांना फोन लावला. ते म्हणाले, "पोरी, वरचं झालं. पण शिडी धरणारा पोरगा तापाने पडलाय, दुसरं कोणी नाही." मी ऑफिसला कुलूप घातलं, गिऱ्हाइकांचा फोन कानाला लावला आणि निघाले शिडी धरायला.

सव्वातीनला आम्ही उताराच्या तोंडाशी. काकांच्या यंत्राने सांगितलं, वायर चारशे दहा मीटरवर मेली आहे. मग पायी निघालो, काका लंगडत, मान वर, एकेक खांब बघत. मी मागे, "हो मास्तर, नाही मास्तर" करत. दोनशे, तीनशे. वळणावर धुराचा वास आला. काका थांबले. तिथून वायर एका अंगणाच्या कोपऱ्यावरून, अवोकाडोच्या झाडाजवळून खाली झुकून जाते. ते अंगण सितातीच्या आईचं.

अंगणात पन्नासेक माणसं. मधोमध मांडव, मांडवात टेबलावर टीव्ही, काळा. आणि कोपऱ्यात दुखवट्याचा जाळ. घरचं माणूस गेलं की हा जाळ पेटतो, आणि मातीआड होईपर्यंत विझू द्यायचा नसतो. मयत सातासमुद्रापार असलं म्हणून काय झालं, जाळ आईच्याच अंगणात. चार दिवस तो मधोमध होता. आज सकाळी टीव्हीला मांडव घालायचा म्हणून माणसांनी निखारे उचलून कोपऱ्यात नेले, वर चांगला दांडगा ओंडका टाकला. बरोबर वायरीखाली.

वर बघितलं. वायरीचं काळं कातडं वितळून लोंबत होतं. मुलाचं शेवटचं दर्शन व्हावं म्हणून हलवलेल्या जाळाने ते दर्शनच जाळलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं म्हणा हवं तर.

"काका," मी पुटपुटले, "आता?"

कंपनीचा नियम मला तोंडपाठ. गिऱ्हाइकाच्या हातून वायर जळाली, तर मालक स्वतः येऊन बघेपर्यंत त्या घराची लाइन बंद ठेवायची. मालक एल्डोरेटला होता, सोमवारी येणार. साठांतली एकोणसाठ घरं आज चालू झाली असती. हे एक नाही.

काकांनी टोपी काढली आणि जाळाशी बसलेल्या मसिंदे म्हाताऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. तो सितातीचा थोरला चुलता.

"बाबा, हा जाळ जरा पलीकडे घ्यायला हवा."

"जाळाला हात लावायचा नाही!" म्हातारा कडाडला. "पोराला अजून माती मिळाली नाही. दुपारपासून लाइन नाही, आणि आता आमचा जाळ विझवायला आलात?"

"विझवू नका, बाबा. सकाळी जसा आणलात तसाच उचलून न्या. धूर डोळ्यांत जातो हो. काच केसापेक्षा बारीक आहे, मला म्हाताऱ्याला जोडता येणार नाही."

"म्हणजे बिघाड इथेच आहे?"

क्षणभर सगळं अंगण आमच्याकडे बघायला लागलं. दारात सितातीची आई उभी होती, डोक्याला काळा रुमाल.

"इथेच," काका म्हणाले. "उंदराने कुरतडलीय. झाडावरून येतात मेले."

मी शिडी घट्ट धरली. सव्वीस वर्षं खांबावर काढलेला माणूस, आणि मी त्याला खोटं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. नीट जमतही नव्हतं, कान लाल झाले होते.

माणसांनी फावड्यावर निखारे घेतले, ओंडका ओढला, जाळ चुलीमागे नेला. काका वर चढले. चार वाजून पाच मिनिटं. दुखरा गुडघा शिडीच्या दांडीवर टेकवून ते जळका भाग कापत होते, तारा सोलत होते, पुसत होते, यंत्रात धरत होते. बारा तारा, एकेक करून. सातवी दोनदा फसली. खाली माझा फोन थांबत नव्हता.

"बाई, संध्याकाळची मॅच बुडाली तर मी तुमच्या दारात येऊन बसेन!"

"या मास्तर," मी ओरडले, "येताना शिडी घेऊन या! दुसरी हवीच आहे आम्हाला!" सात वर्षांत हेही पहिल्यांदाच. मास्तरांनी फोन ठेवला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पाचला सात मिनिटं असताना टीव्हीवर चित्र आलं. बर्फाळ माळ, काळे कोट, खड्ड्यावर पेटी. बायकांनी गळा काढला. काका शिडीवरच होते, तिथेच टोपी काढून बसले, पेटी खाली जाईपर्यंत. उतरले तेव्हा गुडघा सरळ होईना. मी हाताला धरून आणलं.

"कारण काय लिहू?" मी हळूच विचारलं.

त्यांनी वही काढली, स्वतःच लिहिलं. उंदीर. अक्षर वाकडं आलं. मी तेच मालकाला कळवलं, तेच साठ घरांना. मालकाने दुसऱ्यांदा विचारलं नाही. चुम्बा मास्तरांनी मात्र उत्तर धाडलं: "उंदीर! कंपनी चालवता की कोठार?" मी लिहिलं, "गैरसोयीबद्दल क्षमस्व."

आम्ही निघणार तेवढ्यात सितातीची आई चहाचे दोन कप घेऊन आली. डोळे सुजलेले. तिने वर झाडाकडे पाहिलं, वायरीखालच्या काळ्या जमिनीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उंदीर होता म्हणालात?"

"उंदीरच, सितातीच्या आई," काका म्हणाले. कान पुन्हा लाल.

"माझा सिताती असाच होता," ती म्हणाली. "माझ्या हातून मडकं फुटलं की बापाला सांगायचा, मांजराने पाडलं. अगदी असाच, खाली मान घालून." तिने कप काकांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं क्षणभर धरून ठेवली. "आमच्या घरात मांजर कधीच नव्हतं."

काकांनी टोपी काढली. चहा उभ्यानेच प्यायले.