धुळे ते जळगाव, विमानाने अर्धा तास

धुळ्याहून जळगावला विमानाने अर्धा तास लागतो. ही माहिती अगदी बरोबर आहे. फक्त या मार्गावर विमान जात नाही.

हे शेवटचं वाक्य मी सासऱ्यांना वेळेवर सांगितलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण मला 'नाही' म्हणता येत नाही. मी 'बघतो' म्हणतो. (मुलगी पसंत आहे का, असं विचारल्यावरही मी हेच म्हणालो होतो. बायको अजून सुनावते.)

लेकीचा साखरपुडा जळगावात आमच्या घरी ठरला. सासरे, म्हणजे आबा, धुळ्याजवळच्या खेड्यात राहतात. मणक्याचं दुखणं सांगून त्यांनी फोनवर हात वर केले.

"मन्हा मनकाले गाडीना गचका सोसत नहीत. मी काय येत नही."

"आबा नसतील तर साखरपुडा पुढे ढकला," बायकोने निकाल दिला आणि जेवणावरून उठली. मी घाबरून मोबाइलवर शोधाशोध केली. एका वेबसाइटवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर, उड्डाणाचा वेळ, सगळं हजर!

"आबा, विमानाने अर्धा तास."

"गचका?"

"आभाळात कुठले खड्डे?"

"मंग मी येस. तिकीट काढा."

"बघतो."

तिकीट काढायला बसलो तेव्हा कळलं, ही वेबसाइट कुठल्याही दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढते आणि वेळ सांगून मोकळी होते. विमान आहे की नाही, ते तिच्याकडे नाही. धुळ्याहून प्रवासी विमानच सुटत नव्हतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता साखरपुड्याचा दिवस उजाडला. तोवर बायकोने व्याह्यांनाही कळवून टाकलं होतं, "आमचे आबा विमानाने येताहेत."

सकाळीच फोन वाजला.

"जवाईबोवा, मी विमानतळना गेटले उभा शे. बठ्ठं गाव पोचाडाले उनं. ट्रॅक्टरवर बशीसन उनूत." (अख्खं गाव पोचवायला! आणि आबा ट्रॅक्टरवर! त्या मणक्याने!) "पन आठे ते बकऱ्या चरी राह्यन्यात. विमान कोठे शे?"

"आबा, ते जरा..."

"खरं सांगा."

"विमान नाहीच, आबा. कधीच नव्हतं."

पलीकडे एक बकरी ओरडली. फोन बंद.

बायकोला सांगणं भाग होतं. ती शांतपणे म्हणाली, "आबा आले नाहीत, तर तुम्हीच उडा गच्चीवरून."

मुहूर्त जवळ आला. एरंडोलचे व्याही सारखे खिडकीतून आभाळाकडे बघत होते. मी रस्त्याकडे. आणि दारात एक पिकअप थांबली. मागे कापसाच्या गाठोड्यांवर राजासारखे आडवे झालेले आबा! गळ्यात गावाने घातलेला हार, केसांत कापूस.

"आबा, विमान कसं होतं?" व्याह्यांनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला.

"बेस व्हतं. एक गचका लागना नही. फक्त पारोळ्याले चहाले थांबनं, म्हनीसन उशीर व्हयना."

"पारोळ्याला? विमान?"

"मन्हा जवाईबोवानी वळख शे."

घरभर हशा उसळला. बायकोही हसली, तेव्हा कुठे मला घाम पुसायचं सुचलं. व्याही माझ्याकडे वळले, चेहरा अगदी गंभीर. "मग आम्ही एरंडोलकरांनी काय घोडं मारलंय, भाऊ? लग्नाच्या वेळी आमच्याकडेही थांबवा की."

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं बोलून मोकळं व्हायची इतकी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "बघतो."