मेजरांचा उलटतपास

आमच्या कपड्यांच्या फॅक्टरीच्या बसच्या ड्रायव्हरना सगळे मेजर म्हणत; फौजेत ते काही मेजर नव्हते, हवालदार होते. पण रोज सकाळी कवठे महांकाळच्या स्टँडवर बसभोवती तीन फेऱ्या मारल्याशिवाय, ब्रेक दाबून बघितल्याशिवाय हा माणूस कुणाला पायरीवर पाय ठेवू देत नसे. शिलाई विभागाच्या बायका खोळंबायच्या, कुरकुरायच्या. त्यांत माझी बायकोही. "बसला ओवाळताय काय मेजर?" ती एकदा म्हणाली. "व्हय वहिनी," मेजर शांतपणे म्हणाले, "रोजची पूजा हाय."

मी फॅक्टरीच्या टाइम ऑफिसात, हजेरीच्या खात्यात, क्लार्क. माझ्या खिडकीशी ते बस आल्याची वेळ नोंदवायला यायचे. मॅनेजरपुढे माझी बोबडी वळते हे त्यांनी हेरलं होतं. "भाऊसाहेब, तुमी सायबाला भ्येता, सायब त्येच्या सायबाला भ्येतो. कुटं तरी थांबाय पायजे का न्हाई गड्या?" म्हणायचे, आणि मिशीत हसायचे. मला रागही यायचा नाही.

एका सोमवारी त्यांनी बस काढायला नकार दिला. ब्रेक नीट लागत नव्हते. आधीच्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, मी वर कळवलंही होतं. मॅनेजरनी मेकॅनिक बोलावला नाही, मेजरांनाच कामावरून काढलं. पत्रात कारण लिहिलं, हुकूम मोडला. ते त्यांना फार लागलं. "नोकरी ग्येली तर ग्येली. पन 'हुकूम मोडला' ह्ये खोडल्याबिगर मी मरायचा न्हाई."

सांगलीच्या कामगार कोर्टात त्यांनी स्वतःच केस चालवली. वकील का नाही विचारलं, तर म्हणाले, "वकिलाला आदी बस चालवाय शिकवावी लागंल. तवर मी म्हातारा हुईन." प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि न्यायाधीशबाईंपुढे सावधान उभे राहायचे. त्यांनी बसायला सांगितलं तरी फौजेच्या सवयीनं बाईंनाही "जमंल सर" म्हणून उभेच.

मी कंपनीचा साक्षीदार होतो. ब्रेकची तक्रार कधीच आली नाही, असं प्रतिज्ञापत्र माझ्याकडून लिहून घेतलं होतं आणि मी मुकाट्यानं सही केली होती. नोकरी जाईल म्हणून भ्यालो होतो. दुसरं काही कारण नाही.

मेजर उलटतपासाला उठले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, आदी साक्षीदारास्नी पानी द्या." कंपनीचा वकील हसला. मी पाणी प्यालो.

"भाऊसाहेब, मला काढल्यावर दुसऱ्या दिशी बदली ड्रायव्हरनं तीच बस नेली. खरं का?"

"खरं."

"वहिनी त्या बसनं आल्या?"

"नाही. मी मोटरसायकलवरून आणलं."

"का आनलं?"

वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, उत्तर द्या. त्या दिवशी चाळीस बायका त्याच बसनं आल्या होत्या आणि मी फक्त माझी वाचवली होती. "ब्रेक खराब होते," मी म्हणालो. "मेजरांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी खोटं लिहून दिलं."

बाहेर आल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनीच हाताला धरून टपरीवर नेलं. "मला म्हाईत हुतं, तुमी खरं बोलनार," ते म्हणाले. मला स्वतःला ते माहीत नव्हतं, हे मी त्यांना सांगून टाकलं.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. ते पत्र रद्द झालं, मेजर पुन्हा बसवर आले. दोन महिन्यांत काहीतरी खुसपट काढून मला घरी पाठवलं. मग मीही त्याच कोर्टात गेलो, वकिलाशिवाय. माझ्या प्रत्येक तारखेला मेजर रजा काढून येत आणि मागच्या बाकावर बसत. "मी काय बोलनार न्हाई. नुसता हाय," म्हणत. त्यांच्या नुसत्या असण्याचा मला केवढा आधार होता.

गेल्या महिन्यात मेजर गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली, एवढंच.

परवा माझी तारीख होती. मागचं बाक रिकामं होतं. कंपनीच्या वकिलानं मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही याच कोर्टात शपथेवर खोटं लिहून दिलं होतं, खरं की नाही?"

"खरं आहे," मी म्हणालो, "तुम्ही विचारलं नसतं तरी मी सांगणार होतो."

हे ऐकायला मेजर हवे होते.