सागवानावरच्या फुल्या

पहिलेच सांगून ठेवते, भूतखेत, आत्मा, झपाटणं, यातलं काहीच मी मानत नाही. या ग्रुपवरचे तुमचे किस्से मी दुपारी चहा पीत वाचते आणि हसते... रागावू नका. आज स्वतःचा अनुभव लिहून राहिली, तरी अजूनही मानत नाही. तेव्हा कोणी मले लिंबू, मिरची, पूजा सुचवू नये, एवढंच.

मी भिलाईले, रिसालीत राहते. वय सेहेचाळीस. नवरा प्लांटमध्ये, जनरल शिफ्ट. घरामागं टिनाचं शेड आहे, तिथं मी जुन्या लाकडाचं फर्निचर बनवते – स्टूल, रॅक, टेबल – आणि विकते. बाईमाणूस करवत चालवते म्हणून पहिले गल्लीतले लोक भिंतीवरून डोकावायचे. आता त्यांच्याच घरी माझे रॅक आहेत.

आता बाबांचं सांगणं भाग आहे. बाबा चरोद्याले रेल्वेत सुतार होते, सिक लाईनवर. बिघडलेला डबा गाडीतून काढून ज्या लाईनवर उभा करतात, ती सिक लाईन. बिघडलेल्या डब्यावर खडूनं ‘सिक’ लिहायचं, दुरुस्त झाला की ‘फिट’. ही सवय बाबांनी घरी आणली. बादली गळली – सिक. सायकलचं पंक्चर निघालं – फिट. भावाच्या दहावीच्या मार्कशीटवरसुद्धा त्यांनी पेन्सिलनं ‘फिट’ लिहिलं होतं. त्यांचं अक्षर दुरून ओळखू यायचं. पहिले नुसती अक्षरं काढायची, मग वरची रेघ, एका दमात, शब्द संपल्यावरही वीतभर पुढं. आई म्हणायची, ही रेघ हाय का रूळ हाय.

एकोणीस वर्षांची असताना मी बाबांच्या ड्युटीच्या वेळात, त्यांचीच हत्यारं घेऊन, पॅकिंगच्या खोक्याच्या लाकडाचा एक स्टूल बनवला. बाबा आले. स्टूल उलटा केला, चारही पाय हलवून पाहिले. मग खिशातला खडू काढला आणि खाली लिहिलं, ‘सिक’. कावून, ते काही सांगितलं नाही. चहा मागितला. दुसऱ्या दिवसापासून हत्यारांच्या पेटीले कुलूप. तो स्टूल आजही माझ्याजवळ आहे आणि त्याचा एकही पाय डगमगत नाही. मले राग आला होता. अजूनही आहे, खोटं कावून बोलू?

बाबा गेल्यावर ती पेटी माझ्या लहान भावाकडे, उतईले गेली. पोरगा ना तो! त्यानं ती खाटेखाली सरकवून दिली, रंधा गंजला. तीन वर्षांआधी मी जाऊन पेटी उचलून आणली. तुले रंधा कोणत्या बाजूनं धरतात ते तरी माहीत आहे का, म्हटलं. तो हसला, आणि दिली.

मागच्या हिवाळ्यात एका रिटायर्ड मॅडमची ऑर्डर आली, आठ माणसांचा जेवणाचा टेबल. इतकं मोठं काम मी कधी केलं नव्हतं. भंगारवाल्या कबाड्याकडे जुन्या रेल्वे डब्यातल्या सागवानाच्या फळ्या मिळाल्या... काय लाकूड होतं! जुन्या लाकडात भीती असते ती खिळ्याची. आत लपलेल्या खिळ्यावर मशीनचं पातं बसलं की पात्याचा दात उडतो, आणि तो डोळ्यात जाईल का भिंतीत, हे विचारून उडत नाही. म्हणून कापायच्या आधी मी फळीवरून जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवते. बाबा चुंबक वापरत नव्हते. हातानं चाचपायचे आणि खिळा असला तिथं खडूची फुली मारायचे.

त्या दिवशी चुंबक फिरवलं. सगळं साफ. जेवायले घरात गेली, अर्ध्या तासानं येऊन पाहते तर फळ्यांवर पाच फुल्या. पांढऱ्या, खडूच्या.

माझ्या शेडमध्ये खडू नाही, मी पेन्सिल वापरते. आई माझ्याजवळच राहते, पण तिचा हात इतका कापते की चहासुद्धा बशीत सांडते. दुसरं घरात कोणी नव्हतं. मी पुन्हा चुंबक फिरवलं, प्रत्येक फुलीवर. काहीच नाही. मग ओलं फडकं घेतलं आणि पाचही पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर पुन्हा तिथंच... त्याच पाच जागी.

अंगावर काटा आला, हो. आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला! जित्तेपणी एक शब्द शिकवला नाही, आणि आता फळ्यांवर फुल्या मारता?

माझी चूक एकच झाली, आईले सांगितलं. आईनं भावाले फोन केला. रविवारी तो उतईवरून आला, फुल्या पाहिल्या आणि पांढराफटक पडला. त्याचं म्हणणं सरळ होतं – बाबांच्या हत्याराले मी हात लावला म्हणून हे होऊन राहिलं. पेटी आजच्या आज शिवनाथ नदीत सोडायची आणि शेड बंद. बोलता बोलता त्यानं पेटीची एक कडी धरलीसुद्धा. दुसरी कडी मी धरली. आई मधात उभी, पदर तोंडाले लावून.

"ताई, बाबा तुले नाही म्हणून राहिले," तो म्हणाला. "इतकं साफ दिसते."

आता पाहा, ती पेटी गेली असती तर माझं सगळंच गेलं असतं. नवे रंधे बाजारात मिळतात, मले माहीत आहे. पण मी पुन्हा ती एकोणीस वर्षांची पोरगी झाली असती, चहा टाकणारी.

मी म्हटलं, "एक फुली तुझ्यासमोर खोदते. खाली काही नसलं तर पेटी तुझी. मी स्वतः नदीवर येते."

बाबांचीच पटाशी घेतली. पहिल्या घावाले नुसता भुसा. दुसऱ्याले भोक बुजवायले ठोकलेला लाकडाचा भरणा निघाला, वरून रंगवलेला, म्हणून नजरेत आला नव्हता. तिसऱ्याले आत पिवळं चमकलं. पितळेचा स्क्रू, डोकं तुटलेला.

पितळ! चुंबकाले पितळ लागत नाही. आणि जुन्या डब्यांमध्ये पितळी स्क्रू असायचे, हे आमच्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमधल्या शेंबड्या पोरालेही माहीत होतं. मी सुताराची पोरगी, आणि विसरली. पाचही फुल्यांखाली पाच स्क्रू निघाले. भावानं कधी कडी सोडली, मले कळलंही नाही. जाताना तो म्हणाला की मशीन चालवताना चष्मा लावत जाय. बस, इतकंच.

टेबल व्हायले पंधरा-वीस दिवस लागले. त्यात एकही फुली दिसली नाही. शेवटच्या दिवशी टेबल उलटा करून खालून पॉलिश मारलं, आणि वाळल्यावर मले काय सुचलं कोणास ठाऊक – दुकानातून खडू आणला आणि खाली लिहिलं, ‘फिट’. माझी सवय घाईची, वरची रेघ मी देतच नाही. आणि मोठ्यानं म्हटलं, "घ्या बाबा. मी लिहिलं. पटत नसेल तर पुसा."

शेडले कुलूप लावलं. किल्ली एकच, माझ्या कमरेले.

सकाळी उघडलं. शब्द तसाच होता. पुसला नव्हता. पण त्याच्यावर रेघ होती. सरळ, एका दमात ओढलेली, शब्द संपल्यावरही वीतभर पुढं.

आईले हाताले धरून आणलं. तिनं चष्मा लावून, वाकून पाहिलं. मग म्हणाली, "रेघ त्याईचीच हाय."

मी तिथंच भुशात बसून रडली. खूप रडली. मग उठून टेम्पोवाल्याले फोन लावला, कारण टेबल त्याच दिवशी पोचवायचा होता. टेबल उतरवताना मॅडमले खडू दिसला, हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, सुताराची खूण आहे, पुसली तरी चालते.

आता तुम्ही विचाराल, हे होतं काय? मले माहीत नाही. नवरा म्हणते, झोपेत तूच लिहिलं असशील. असेल. पण झोपेत मले पितळ दिसते का? त्यानंतर आजपर्यंत फुली नाही, रेघ नाही, काही नाही. आणि मी अजूनही मानत नाही.

फक्त एक करते. रोज शेड बंद करताना माझा तो जुना स्टूल उलटा करून ठेवते. त्याच्यावरचं ‘सिक’ अजून तसंच आहे. बाजूले ओलं फडकं ठेवते. मी नाही पुसणार. ज्यानं लिहिलं, त्यानं पुसावं.