दिव्याची पितळी कडी

सून दारात चिंचेनं पितळेची कडी घासते आहे. माझी मोटार केव्हाच मोडीत गेली, तिच्या दिव्याच्या काचेभोवतीची ही एक कडी उरली. तो आंबट वास आला की आजही माझ्या तळहाताला घाम सुटतो.

निजामाच्या राज्यात सिरसाळ्याच्या बाजारात मी ती अमेरिकी मोटार घेतली. बैलांच्या व्यापारातली सगळी कमाई तिच्यात घातली. सौदाही बैलांसारखाच, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत झाला. "यंदाचीच हाय," दलाल म्हणाला, आणि मी त्याचं बोट दाबून होकार दिला. मग सहज दिव्याला टेकलो, तर कडीचा काळा रंग नखात आला. खाली पितळ होतं. यंदाच्या गाड्यांना कड्या काळ्याच येत. पितळी कड्या गेल्या सालच्या. दुसरा हात अजून त्याच्याच मुठीत होता.

"जुनी हाय की ही," मी पुटपुटलो.

"का म्हून घाबरता, शेठ? बैलाचे दात बघता, हिचं तोंड न्हाई बघितलं?"

भोवतालचे हसले. शब्द मोडला असता, तर माझ्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घातला नसता. मी पैसे मोजून दिले.

घरी येऊन सगळा काळा रंग खरवडला. वाटेत तो दलाल भेटलाच, तर त्याला आपली लबाडी दिसावी म्हणून कड्या चिंचेनं घासून लखलखीत ठेवल्या. तो भेटला नाही. कडी मात्र मी अजून काळी पडू देत नाही.