शिरपूरच्या वाटेवरचा लाल दिवा

आम्ही जळगाव सोडलं तेव्हा गिरणेच्या पुलावर धुकं होतं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. शिरपूरला शांताच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, चुलतभावाकडे मुलीचा साखरपुडा होता आणि आम्ही आमच्या मोटारीनं निघालो होतो. मोटार तिसऱ्या हातची. माझं बी-बियाण्यांचं दुकान होतं, त्यामुळे गावोगाव फिरायला ती बरी पडे.

निघण्याच्या आदल्या दिवशीच शांताच्या धाकट्या भावानं, बापूनं, मोटारीचं इंजिन खोलून नव्यानं बांधून दिलं होतं. बापू दुसऱ्याच्या गॅरेजात काम करायचा. आता त्याला स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं, आणि त्याची सारी भिस्त शिरपूरच्या नानांवर होती. नाना म्हणजे साखरपुड्याच्या मुलीचे वडील. त्यांच्या ट्रका कापूस वाहत. त्या ट्रकांची इंजिनं बापूकडे आली, तर गॅरेज उभं राहणार होतं.

निघताना त्यानं बॉनेटवर हात ठेवला. "दाजी, बठ्ठं नवं टाकेल शे (सगळं नवं टाकलं आहे). नानाले इंजिनना (नानांना इंजिनाचा) आवाज ऐकू द्या. मी काही बोलत नाही, गाडीच बोलेल."

"गाडी बोलली म्हणजे पुरे. तू गप्प बसशील तर कानाला आराम," शांता म्हणाली.

"अक्का, तू मागल्या सीटवर बैस. दाजींना गाडी चालवू दे, तू दाजींना चालवू नको."

शांता अर्थातच पुढे बसली.

पाळधीच्या पुढे ऊन वर आलं. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मधूनच केळीचे हिरवेगार मळे. एरंडोलला शांताची मावशी राहत असे. तिच्याकडे चहा झाला आणि निघताना तिनं भुईमुगाच्या शेंगांची एक गोणी गाडीपाशी आणून ठेवली. आमच्याकडे पाहुण्याला घरचा वानोळा (शेतातलं काहीतरी) दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत. डिकीत आहेराची भांडी होती, मागच्या सीटवर अंथरुणं आणि फळांच्या टोपल्या. मी जागा नाही म्हणालो.

"रिकामा हाते कशी जाशी वं माय?" (मोकळ्या हातानं कशी जाशील गं?) असं म्हणत मावशीनं गोणी शांताच्या पायापाशी कोंबली. शांतानं त्यावर पाय ठेवले आणि आम्ही निघालो.

पारोळा यायच्या आधीच डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. तो ऑइलचा दिवा. इंजिनात ऑइलचा दाब कमी झाला की लागतो, आणि त्याकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन जाम होतं, एवढं मला माहीत होतं. मी गाडी बाभळीखाली घेतली. आम्ही दोघं उतरलो. ऑइलची पट्टी पुसून पाहिली, ऑइल भरपूर. गाडी सुरू केली तर दिवा नाही. शांता येऊन बसली, गाडी रस्त्याला लागली आणि दिवा पुन्हा लागला.

"बापूचं नवं काम!" मी म्हणालो.

"काल तर चांगली चालत होती," शांता म्हणाली.

"काल तो चालवत होता."

धुळ्यापर्यंत मी गाडी बैलगाडीसारखी नेली. एका खानावळीत शेवभाजी मागवली. लाल तर्रीनं डोळ्यांत पाणी आलं, पण माझं लक्ष जेवणात नव्हतं. खानावळीच्या मालकानं समोरचं गॅरेज दाखवलं. तिथला मिस्त्री तोंडात सुपारी ठेवून बोलायचा. शांता निंबाच्या सावलीत जाऊन बसली. मिस्त्रीनं गाडी सुरू केली, रेस वाढवली, कमी केली.

"दिवा कुठे आहे, भाऊ?"

"वाटेत होता."

"इथं तर नाही. वहिनी बसल्या की लागतो?"

मी जरा विचार करून हो म्हणालो. तो मोठ्यानं हसला. "मग इंजिनाला काही झालेलं नाही. गाडी वहिनींना घाबरते. माझ्या घरीही तसंच आहे!"

गॅरेजातले सगळे हसले, शांताही हसली. मग तो जरा गंभीर झाला. म्हणाला, बेअरिंग ढिली बसली असली तरी दाब असा पडतो, खोलून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. "इंजिन कुणी बांधलं?"

"मेव्हण्यानं."

"मग काय बोलायचं!" तो म्हणाला.

एवढं मला पुरलं. सोनगीरची तांब्या-पितळेची दुकानं आली आणि गेली. शांताला एक घागर पाहायची होती, मी थांबलो नाही. पुढे तापीचा पूल लागला. पात्र रुंद, पाणी संथ, वाळूत कलिंगडांसाठी आळी खणत असलेली माणसं. दिवा चालूच होता.

शिरपूरला साखरपुडा छान झाला. जेवायला वरण-बट्टी होती (बट्टी म्हणजे जाडसर कणकेचे उकडून तळलेले तुकडे) आणि वांग्याची घोटलेली भाजी. पंक्तीत नाना माझ्या शेजारी बसले. बट्टीवर तूप ओतत त्यांनी विचारलं, "बापूनं गाडी बांधी ना? कशी शे?"

मी म्हणालो, "नाना, गाडीत ऑइलचा दिवा विझत नाही. वाटेत जीव मुठीत धरून आलो. धुळ्याचा मिस्त्री म्हणतो, बेअरिंगच नीट बसवलेली नाहीत. घरच्या माणसाला आणखी काय बोलणार?"

त्यांचा हात थांबला. "मंग मी मन्ह्या ट्रका त्यानाकडे कशा देऊ?" (मग मी माझ्या ट्रका त्याच्याकडे कशा देऊ?)

समोरच्या पंक्तीपर्यंत ऐकू गेलं. मी भाजी मागून घेतली. वाढणाऱ्या बायकांत शांता होती. ती माझ्या पानापाशी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत निघालो. तापी ओलांडून नरडाण्याच्या अलीकडे आलो तेव्हा दिवा लागलेलाच होता. परतीच्या आहेरानं डिकी भरलेली, म्हणून शेंगांची गोणी अजून शांताच्या पायांखालीच होती. पायांना मुंग्या आल्या म्हणून तिनं पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. दिवा विझला.

तिनं दिव्याकडे पाहिलं. पाय खाली सोडून गोणी पुढे रेटली. दिवा लागला. पाय उचलले. विझला.

"थांबा," ती म्हणाली. "तो मिस्त्री थट्टेत खरं बोलला."

मी उतरून तिच्या बाजूनं वाकलो, गोणी ओढून काढली. डॅशबोर्डखालून दिव्याची एक वायर जात होती. तिच्यावरचं आवरण कधीचंच घासून गेलं होतं. गोणी रेटली की उघडी तार लोखंडाला टेकत होती आणि दिवा लागत होता. इंजिनाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी रुमालाची पट्टी फाडून तारेला गुंडाळली. गोणी परत ठेवून पाहिली. दिवा लागला नाही.

"गाडी वळवा," शांता म्हणाली.

"कुठे?"

"शिरपूरला. नानांना सांगून येऊ. किती लांब आलोय आपण?"

लांब आलो नव्हतो. पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात परत जायचं आणि शेंगांच्या गोणीची गोष्ट सांगायची, हे माझ्यानं होईना. मी म्हणालो, दिवस मावळेल, रस्ता खराब आहे, नानांना सवडीनं कळवू.

"तुम्हाला दिवस दिसतो. माझा भाऊ दिसत नाही," ती म्हणाली आणि मागच्या सीटवर, अंथरुणांच्या शेजारी जाऊन बसली.

धुळे, पारोळा, एरंडोल सगळं मागे पडलं. गाडी इतकी सुरेख चालत होती की मला ती वेगानं चालवायची लाज वाटली. घरी पोचलो तर बापू ओट्यावर बसलेला. "नाना काय बोलले, दाजी?"

"साखरपुड्याच्या गडबडीत बोलणं झालं नाही," मी म्हणालो. शांता आत गेली. बापूनं बॉनेट उघडलं, गरम इंजिनाशी कान नेला आणि समाधानानं मान हलवली.

नानांच्या ट्रका दुरुस्तीला पूर्वीसारख्या धुळ्यालाच जात राहिल्या. बापू दुसऱ्याच्या गॅरेजातच म्हातारा झाला. माझ्या गाडीचं इंजिन मात्र ती मोडीत जाईपर्यंत पुन्हा कधी खोलावं लागलं नाही. सवडीनं कळवायचं ते मी कळवलंच नाही, आणि नाना गेले. त्या पंक्तीत बसलेल्यांपैकी अजून काहीजण आहेत. 'मेव्हण्यानं दाजीचं इंजिन बिघडवलं' ही गोष्ट ते आजही लग्नकार्यात हसत सांगतात. त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे: बापूच्या कामात काही खोट नव्हती.

लिहून झाल्यावर कागद शांतापुढे ठेवले. बापूला आता बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा तूच जाऊन त्याला वाचून दाखव, असं मी म्हणालो. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं, कागद सारखे केले आणि माझ्या हातात परत दिले.

"मी सोबत येते," ती म्हणाली. "वाचायचं तुम्ही."

उद्या सकाळी जाणार आहोत.