सिस्टरांनी सांभाळून घेतलेली आजी

मी आज लिहून पोट भरतो ते कुसुमताईंमुळे. आईवडिलांनी मला शाळेत घातलं, कॉलेजात पाठवलं. पण लिहायला बसवलं ते कुसुमताईंनी. नाशिकला गंगापूर रोडवर मात्र त्यांना या नावाने कोणी ओळखत नसे. तिथे त्या ‘सिस्टर’. नाटक-सिनेमांत त्यांनी इतक्यांदा नर्सचं काम केलं होतं की भाजी घेताना एखादी बाई हमखास विचारायची, “सिस्टर, गुडघा फार दुखतो हो. काय घेऊ?” ताई पिशवी खाली ठेवायच्या, गुडघ्याकडे नीट बघायच्या आणि गंभीरपणे सांगायच्या, “सिनेमातही मी फक्त डॉक्टरांना हाक मारायचे. तुम्हीही त्यांनाच दाखवा.”

नाशिकच्या हौशी नाटकांतून त्या मुंबईला गेल्या. तिथे नर्स, शेजारीण, नवऱ्या मुलाची आत्या अशीच कामं मिळत गेली. “हिरॉईन रडत असताना मागे उभी असते ना, ती मी,” असं त्या हसत सांगत. तक्रार नसायची. “मागे उभं राहिलं की सगळ्यांचे चेहरे दिसतात. पुढच्याला फक्त कॅमेरा दिसतो.”

एका मालिकेत त्या शेजारणीचं काम करत होत्या. एकदा त्यांनी दिग्दर्शकाला विचारलं, “ही बाई रोज उठून यांच्या घरी येते. हिच्या स्वतःच्या गॅसवर काही नसतं का?” तो म्हणाला, मग तुम्हीच ठेवा. दुसऱ्या दिवशी ताई सीनमध्ये शिरतानाच म्हणाल्या, “दूध ठेवून आलेय, दोन मिनिटंच बसते,” आणि सीन संपेपर्यंत उठल्या नाहीत. लोक त्या शेजारणीची वाट बघायला लागले. पुढे मालिकेचा लेखक सोडून गेला तेव्हा निर्माते म्हणाले, “दूध ठेवून या आणि तुम्हीच लिहा.” ताई लिहायला लागल्या. मुंबईची खोली सोडून नाशिकला परतल्या, कारण लिहायला मुंबई लागत नाही.

मी तेव्हा एम. ए. करता करता त्यांच्या घराजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करत होतो. त्यांचे हाताने लिहिलेले एपिसोड माझ्याकडे येत. एकदा त्यांनी विचारलं, “टाईप करताना कुठे हसलास?” मी भीत भीत एका वाक्यावर बोट ठेवलं. “आणि कंटाळलास कुठे?” मी तेही दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून टाईप करू लागलो.

त्यांचं लिहिणं म्हणजे बोलणं. मेथी निवडताना, कणीक मळताना त्या सगळ्यांची वाक्यं मोठ्याने म्हणायच्या. जे वाक्य काम करताना म्हणता येत नाही ते खोटं, असा त्यांचा नियम होता. हळूहळू त्या मलाही सीन लिहायला देऊ लागल्या. मी लिहिलेलं पहिलं भांडण त्यांनी कणकेवर आपटून पाहिलं. ‘आपल्या या वर्तनाने मी अत्यंत व्यथित झाले आहे’, असं माझ्या सीनमधली सून बोलत होती.

“तुमच्या सायखेड्याला असं भांडतात?”

“नाही ताई.”

“तुझी आई काय म्हणेल?”

“ती म्हणेल, लय झालं आता. जेवायचं असंल तर जेवा, नायतर ताट उचलते.”

“मग तिला आत का ठेवलंस? बोलू दे की.”

तोपर्यंत घरचं बोलणं लपवायचं असतं, असंच मी धरून चाललो होतो. त्या दिवसापासून आमच्या मालिकेत आई बोलू लागली.

या मालिकेत आजीचं काम शालूमावशी करायच्या. त्या आणि ताई तरुणपणी एकाच नाटकात होत्या. गेल्या वर्षी शालूमावशींना वाक्यं आठवेनाशी झाली. कोणी बाजूने सांगितलं की त्या आणखी गोंधळायच्या, रडायच्या, शूटिंग थांबायचं. निर्मात्यांचा फोन आला: आजीला आता जाऊ द्या. ताईंच्याने ते लिहवेना. त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी जीव ओतून आजीचा मृत्यू लिहिला आणि मनातून खूश होतो. ताईंनी तो मोठ्याने वाचला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “छान मेली. आता जिवंत कर.”

“पण ताई, त्यांना आठवत नाही...”

“सेटवर जायचं नसलं तर शालू केससुद्धा विंचरत नाही. घरी बसवली तर किती दिवस टिकेल ती?”

त्या बराच वेळ मेथी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “नाटकात एखादं अडलं तर आम्ही काय करायचो? समोरच्याने सांभाळून घ्यायचं. त्याचं वाक्य आपण बोलायचं, प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही. आता अख्खं घर सांभाळून घेईल. आजी वाक्य सुरू करेल, घरचे पुरं करतील. शालू जिथे अडेल तिथे सीन.”

मेथी तशीच ठेवून त्यांनी सीन सांगितला, मी टाईप केला. दिग्दर्शकाला पटेना. एक सीन करून बघू, जमला नाही तर आजी जाईल, असं तो म्हणाला. ताईंचे पाय दुखत होते, म्हणून ठाण्याच्या सेटवर मी गेलो. निघताना ताई म्हणाल्या, “फोन नको करूस. फोनवर माणूस निकाल सांगतो, झालं काय ते सांगत नाही. मोबाईलवर पाठव, पण पत्रच लिही.”

मी पाठवलेलं पत्र असं होतं:

ती. कुसुमताई यांस, सादर नमस्कार.

सीन सकाळी झाला. नात नोकरीच्या पहिल्या दिवसाला निघते, तोच. शालूमावशी म्हणाल्या, “बाहेर निघालीस, तर...” आणि थांबल्या. नात म्हणाली, “डबा घेतलाय आजी.” मावशी म्हणाल्या, “आणि तिथे कोणी...” आजीचा मुलगा म्हणाला, “कोणी बोललं तर ऐकून घ्यायचं नाही, माहितेय तिला.” मावशींना मजा वाटायला लागली. अर्धं बोलून त्या मुद्दाम सगळ्यांकडे बघू लागल्या.

मग शेवटचं वाक्य त्यांना खरंच आठवेना. तिथे आपण कोणालाच काही दिलं नव्हतं. मला वाटलं, गेली आजी. मावशींनी नातीची ओढणी सारखी केली, तिच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “जा तू. मला आठवलं की फोन करते.”

दिग्दर्शक कट म्हणायचाच विसरला. मावशींनी विचारलं, “मी काही विसरले का रे?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच सांगता येईना.

आजी राहिली, ताई. मलाही इथे सेटवरच थांबून लिहायला सांगितलं आहे. तुमच्या टेबलाशिवाय कसं जमेल माहीत नाही, पण प्रयत्न करतो.

शालूमावशींचा निरोप आहे. त्या म्हणाल्या, “कुसुमला सांग, माझी वाक्यं एवढी तोडत जाऊ नकोस. मला बोलता येतं अजून.”

आपला,
प्रकाश